गाडीमागून चालणारा

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. माथ्यावरचं धान्य तो बैलगाडीतून खाली बंदरावर न्यायचा. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकाला लाकडी ठोकळ्याचा अडसर होता. त्या अडसराचा दोर धरून गाडीवानाचा सोबती गाडीमागून चालायचा.

बंदरावर सगळे गाडीवानाची वाहवा करायचे. एकदा त्याच भरात तो सोबत्याला म्हणाला, "गाडी मी हाकतो. तू नुसता मागून चालतोस."

सोबत्याने दोर गुंडाळून गाडीत ठेवला आणि तो बहिणीच्या गावी निघून गेला.

येईल चार दिवसांनी, असं गाडीवानाला वाटलं. तो आला नाही. आता भाकरी एकाचीच थापायची. माथ्यावरच्या माथ्यावर गाडी हाकताना गाडीवान सवयीने काहीबाही बोलायचा, पण मागून हुंकार यायचा नाही.

शेवटी त्याने गाडी अंगणात आडवी केली. झिजलेला ठोकळा काढून बाभळीचा नवा बसवला, त्यावर जाड कातडं ठोकलं, आणि बसल्या जागेवरून खेचता येईल असा दोर पुढे ओढून घेतला. काम नामी झालं होतं. बघायला मात्र कुणी नव्हतं.

माल भरून तो एकटाच घाट उतरू लागला. अडसर चांगला धरत होता. अर्ध्या वाटेत करपल्याचा वास आला. कातडं जळालं, ठोकळा निसटला आणि गाडी सुसाट सुटली. त्याने ती डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दरी चुकली. पण एक बैल जन्माचा लंगडा झाला.

लाज गिळून तो सोबत्याकडे गेला. सोबत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठोकळ्यावर पाणी कोण मारत होतं?"

"पाणी?"

"उतारावर ठोकळा तापतो. मी गाडगं घेऊन चालायचो, थोडं थोडं ओतायचो."

इतक्या वर्षांत गाडीवानाने उतारावर एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्याने सोबत्याला परत चलण्याची विनवणी केली.

सोबती आला, पण अडसर दुरुस्त करण्यापुरता. त्याने कातडं नवं लावलं, दोराची गाठ बदलली, लंगड्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "तिकडं माझी मेंढरं वाट बघत असतील," एवढंच बोलून तो निघाला.

अडसर पक्का झाला; गाडीवान मात्र पुन्हा घाट उतरला नाही. सपाटीवरच्या गावांना सरपण पोचवत त्याने एकट्यानेच उरलेले दिवस काढले.

म्हणून लहानथोरांनो, मागून सांभाळणाऱ्याची कदर तो मागे असतानाच करावी.