तोंडातली विळी

फार पूर्वी एका जंगलात एक गोरिल्ला आणि त्याची गोरिल्लीण राहत होती. ओढ्यापलीकडे राहायचा एक तांबडा ओरांगउटान. हे दोघे शेजारी कसे, ते भूगोलाच्या बाईंना विचारू नका, गोष्टीतलं जंगल आहे! आणि ओरांगउटान म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आपण त्याला तांबूदादा म्हणू.

जंगलात दरवर्षी पंगत बसायची. रीत अशी, की सगळ्यात टणक फळ जो दातांनी फोडेल, त्याचं पहिलं पान. तांबूदादाच्या दातांवर जाडजूड कवच. फळ तोंडात टाकलं, की कट्ट! पहिलं पान दरवर्षी त्याचंच. गोरिल्ला बांबू सहज मोडायचा, पण खायचा मात्र पाला आणि देठ. त्याचं पान शेवटी, सशांच्या शेजारी.

"एवढा धिप्पाड, आणि खातो काय, तर पाला!" माकडं खिदळायची.

गोरिल्ल्याला ते फार लागायचं. एका वर्षी तो बायकोला म्हणाला, "यंदा पहिलं पान आपलं."

"अहो, भलतंच काय! आपल्या दातांचं कवच पातळ. दात गेले तर पाला कशानं खाल? उपाशी राहायची पाळी येईल."

"तू बघच गं!" असं म्हणून स्वारी निघाली.

पंगतीत त्याने फळ दाढेखाली धरलं आणि सगळा जोर लावला. कट्ट! आवाज झाला खरा, पण फळ होतं तसंच होतं. दाढेचा टवका उडाला होता. बिचाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तांबूदादा आपल्या पानावरून उठून आला. "आ कर बघू. हं, टवकाच गेलाय, दाढ शाबूत आहे. पण अरे, बाकीच्या दाढा किती झिजल्यात तुझ्या!"

"पातळच त्या. झिजणारच," गोरिल्ला खाली मान घालून म्हणाला.

तांबूदादाने एका दाढेवरून बोट फिरवलं. "आई गं! ही तर कापते!"

"भावजी, झिजते म्हणूनच धार येते," मागोमाग आलेली गोरिल्लीण म्हणाली. "तुमच्या तोंडात वरवंटा, यांच्या तोंडात विळी. विळीनं कुणी नारळ ठेचतं का?"

"आणि वरवंट्यानं मेथी चिरत नाही, वहिनी," तांबूदादा हसला. "खरं सांगू? फळं संपली की मी पाला नुसता चघळत बसतो. चिरला म्हणून जात नाही, मग पोट धरून लोळतो."

त्याने ते टणक फळ फोडलं, आतला गर तिघांत वाटला आणि सशांच्या शेजारीच बसकण मारली. गोरिल्ल्याने त्याला कोवळे देठ बारीक चिरून दिले. तिघे मजेत जेवले.

पंगत उठली. पहिलं पान तसंच रिकामं पडलेलं. केळीचं, हिरवंगार. गोरिल्ल्याने इकडेतिकडे पाहिलं, ते उचललं आणि चांगल्या बाजूच्या दाढांनी करकरा चिरून खाऊन टाकलं.

"मिळालं बाई एकदाचं पहिलं पान!" गोरिल्लीण म्हणाली.

तात्पर्य: जे जमतं त्याची लाज वाटू लागली, की जे जमत नाही त्यापायी टवका उडतो.