गादीतला पेंढा

"पण बाबा, माती झाकायचीच आहे, तर गोट्यांनी का नाही झाकायची?"

श्रीपतीच्या आवाजात घुस्साच होता. नदीतले पांढरेशुभ्र गोटे त्यानं एकेक निवडून आणले होते. मठामागच्या परसात भाजीचे वाफे होते, त्यांवर ते असे जवळजवळ बसवले होते की येणारा-जाणारा थांबून बघायचा. थोरल्या महाराजांची पुण्यतिथी तोंडावर आली होती. गावोगावची माणसं येणार होती. त्यांनी परस बघावं आणि विचारावं, हे कुणी केलं?

मठ सांभाळणारे येसूबाबा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी एक गोटा उचलला आणि श्रीपतीच्या तळहातावर ठेवला.

श्रीपतीनं तो झटक्यात टाकून दिला.

"भाजलं?"

"हो."

"रोपाला टाकून देता येत नाही."

वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. चैत्राचं ऊन. विहिरीचा तळ दिसू लागला होता. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जात होतं. मठात दुपारच्या जेवणाला येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ताटात भाजी पडायची ती याच वाफ्यांमधली.

श्रीपतीनं गोटे उचलले. ओढ्याकाठचं हिरवंगार गवत कापून आणलं आणि रोपांच्या गळ्यापर्यंत जाडजूड थर दिला. चांगलं दाबून बसवलं.

काही दिवसांनी वास यायला लागला. गवत उचललं तर आतून वाफ निघाली. सगळं चिकट झालेलं. कडेची रोपं बुंध्याशी काळी पडून लोळली होती.

"ओलं कुजतं," बाबा म्हणाले. "वाळलेलं हवं. हलकं हवं. त्यात बी नको. आणि बुंध्याभोवती मोकळं सोडायचं. गळ्यापर्यंत पांघरूण घेतलं तर तुला तरी श्वास घेता येईल का?"

"वाळलेलं आणू कुठून?"

प्रश्न खरा होता. वणव्यानं डोंगरावरचा सगळा पाचोळा नेला होता. मठाची पेंढ्याची गंजीही त्यातच गेली होती. गावात थोडाफार पेंढा होता, पण तो गुरांपुरता. गुरांच्या तोंडचं मागायला श्रीपतीची जीभ रेटेना.

"मठात आहे की," बाबा म्हणाले.

"मठात? कुठं?"

बाबांनी हातपाय धुतले आणि ते आत गेले.

आत, देवघराशेजारच्या खोलीत थोरल्या महाराजांची गादी होती. जाड्याभरड्या खोळीत भाताचा पेंढा भरलेली. शेवटच्या आजारात महाराज तिच्यावरच पडून होते.

श्रीपतीनं महाराजांना कधी पाहिलं नव्हतं. त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूल गेलं. नंतर तो कुठं कुठं फिरला ते त्याचं त्यालाही नीट आठवत नव्हतं. फिरत फिरत एका संध्याकाळी तो या मठात आला होता, कुणीतरी त्याला आतल्या खोलीत नेलं होतं आणि त्यानं त्या गादीवर डोकं टेकलं होतं. तेव्हा त्याला ऊब लागली. माणसाच्या कुशीसारखी. तो तिथंच ढसाढसा रडला, तिथंच झोपला आणि मग गेलाच नाही.

तेव्हापासून गादीचं सगळं त्याच्याकडे होतं. आंघोळ केल्याशिवाय तो कुणाला तिला हात लावू देत नसे. कुणी डोकं टेकायचं आणि कुणी उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करायचा, हे तोच ठरवायचा. माणसं त्याला 'गादीवाले श्रीपती' म्हणायची. त्याला ते आवडायचं.

बाबा बाहेर आले. त्यांच्या खांद्यावर गादी होती.

श्रीपतीला आधी वाटलं, ऊन द्यायला आणली असेल.

बाबांनी गादी वाफ्याशेजारी टाकली. कमरेचा विळा काढला. आणि खोळीची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली.

परसात मठाच्या स्वयंपाकासाठी शेंगा तोडत असलेली गंगव्वा तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली.

श्रीपती धावला. त्यानं बाबांचं मनगट धरलं. आजवर पायांशिवाय त्यांच्या अंगाला कधी त्याचा हात लागला नव्हता. आज त्यानं ते मनगट असं आवळलं की बाबांची बोटं पांढरी पडली.

"बाबा! काय करताय हे? थोरले महाराज आहेत त्यात!"

"आहेत का? बघू."

बाबांनी दुसरा हात आत घातला. मूठभर पेंढा बाहेर काढला. श्रीपतीपुढे धरला.

...

"त्यांचं अंग लागलेला पेंढा आहे हा," श्रीपती कसाबसा म्हणाला.

"नाही."

"काय नाही?"

"त्यांचा पेंढा ते गेले त्याच उन्हाळ्यात इथं पसरला. त्यांनीच सांगून ठेवलं होतं. हा मी भरलेला. पेंढा दमट होतो, उंदीर लागतात. अधूनमधून बदलावा लागतो. हा गावातल्या शिवाप्पाच्या शेतातला."

श्रीपतीची पकड सुटली.

"कधी... कधी भरला?"

"तू आलास त्या दिवशी. दिवसभर उन्हात वाळवला आणि तिन्हीसांजेला भरला. गरम होता अजून."

श्रीपतीच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं झालं. समोर विहीर होती, परस होतं, गंगव्वा होती, पण सगळं कुणीतरी लांब नेऊन ठेवल्यासारखं. त्या उबेवर त्यानं भटकणं सोडलं होतं. त्या उबेवर तो इतकी वर्षं जगला होता.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू रडत होतास."

...

बाबांनी वाफ्याला पाणी दिलं. माती निवांत भिजू दिली. मग ते पेंढा मोकळा करून पसरू लागले. श्रीपतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

श्रीपती तिथून निघाला. फाटकापर्यंत गेला. बाहेर पडावं, पुन्हा या मठाचं तोंड बघू नये, असं त्याला वाटत होतं. फाटकाला हात लावून तो थांबला, तो केवळ कुठं जायचं ते सुचेना म्हणून.

त्यानं मागं पाहिलं. वयामुळं बाबांना आता नीट दिसत नव्हतं. एका रोपाच्या अंगावरच त्यांनी पेंढ्याचा ढीग टाकला होता. रोप पार दिसेनासं झालं होतं आणि बाबा पुढं सरकत होते.

श्रीपती बघत राहिला. पुढच्या रोपाचंही तेच झालं.

तो परत आला. गुडघ्यांवर बसला. पहिल्या रोपाच्या बुंध्याभोवतीचा पेंढा त्यानं बोटांनी बाजूला केला. पान वर उचललं. मग दुसऱ्या रोपाकडे सरकला.

त्याचे डोळे वाहत होते. गंगव्वाही उठून पाण्याची घागर घेऊन आली.

ऊन कलेपर्यंत खोळ रिकामी झाली. सगळ्या वाफ्यांवर पिवळट, विरविरीत पांघरूण पसरलं होतं आणि त्यातून रोपं मान काढून उभी होती.

"हात घाल," बाबा म्हणाले.

श्रीपतीनं पहिल्या वाफ्यावरच्या पेंढ्याखाली हात घातला. वर अजून झळ होती. खाली माती गार होती, ओली होती. त्यानं हात तसाच आत ठेवला. बराच वेळ.

मग एकदम काहीतरी आठवून त्यानं दचकून वर पाहिलं.

"बाबा, पुण्यतिथीला माणसं येतील. लांबून येतील. गादी कुठंय विचारतील. नमस्कार कुठं करायचा विचारतील... मी त्यांना काय सांगू?"

बाबा रिकामी खोळ विहिरीच्या काठावर झटकत होते. त्यांनी तिची घडी घातली.

"वाफ्यात पाय देऊ नका म्हणावं."