उतारावरची माती आणि खडे

डोंगरसुद्धा गप्पा मारायचे, त्या काळची ही गोष्ट. रानातल्या एका उतारावर माती आणि खडे एकत्र नांदत होते. खालच्या भातखाचरातली लोण्यासारखी माती पाहून उतारावरची माती रोज कुरकुरायची, "या खड्यांपायी माझ्या अंगाला मऊपणा म्हणून नाही!"

शेवटी तिने कंद उकरायला आलेल्या साळिंदराला गळ घातली. त्याने हिरड्याच्या बुंध्याजवळचे खडे उकरून खाली ढकलून दिले. तेवढा पट्टा अगदी मऊ झाला आणि माती हरखून गेली.

पावसाळ्यात मात्र पाणी त्या पट्ट्यात मुरेना. ते वरच्यावर धावत सुटलं आणि मऊ माती घेऊन ओढ्याकडे निघालं. हिरडा ओरडला, "अगं, माझी मुळं उघडी पडली!" शेजारी खडे एकमेकांना टेकून बसले होते. त्यांच्या फटींतून पाणी निवांत खाली उतरलं, आणि तिथली माती जागची हलली नाही.

पाऊस उघडल्यावर कड्यावरून एक नवा खडा गडगडत आला. बिचकत म्हणाला, "इथे टेकू का जरा?"

"टेक की बाबा," माती म्हणाली. "आणि मागून कुणी येत असेल, तर त्यालाही हाक मार."