मीठवालीचा गुलाबी जावई

फार पूर्वी, समुद्र जिथे जमिनीच्या कुशीत शिरतो त्या खाडीकाठी, मीठ पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात एक मीठवाली राहायची. नवरा, सासू आणि वर्षभराची लेक, एवढाच तिचा संसार.

मीठवाली मूळची डोंगरावरची. तिच्या माहेरी परसातूनच झरा वाहायचा. इथे मात्र गोडं पाणी आणायला टेकडीपलीकडच्या विहिरीवर जावं लागे, एका खेपेला दोन हंडे. बाकी सगळं खारं. लग्नानंतर पहिल्यांदा मिठाच्या वाफ्यात उतरली तेव्हा तिच्या पावलांची अशी आग झाली, की दोन दिवस तिनं पाय जमिनीला टेकवले नाहीत. तेव्हापासून खारं पाणी दिसलं की ती दोन पावलं मागे सरायची. लेकीला तर ती बांधावर उतरवायचीच नाही.

"अगं, पोरीचे पाय मातीला लागू देत की," सासू म्हणायची.

"लागतील हो, आई. अजून लहान आहे."

असं म्हणायची, आणि मग दिवसभर स्वतःलाच विचारत बसायची, माझं चुकतंय का? चुकत असावं, असंही वाटायचं. पण तेवढ्यानं लेक कडेवरून खाली येत नसे.

एका थंडीत खाडीवर रोहित पक्ष्यांचा थवा उतरला. लांब माना, काटकीसारखे पाय आणि अंगावर पहाट सांडल्यासारखा गुलाबी रंग. पुढे उन्हाळा सरताना थवा उडून गेला, पण एक पक्षी मागेच राहिला. कोळ्यांच्या मासे धरायच्या जाळ्यात अडकून त्याचा पंख दुखावला होता. मीठवालीनं त्याला पदरात गुंडाळून घरी आणलं.

सासूनं दारातच कपाळाला हात लावला. "पोर अजून धड चालत नाही, आणि तू जावई घरात आणलास?"

त्या दिवसापासून त्याचं नाव जावईबापू पडलं.

आणि नावाप्रमाणेच त्याचे लाड झाले! खाऱ्या पाण्यानं पाय चुरचुरतात, हे मीठवालीला ठाऊक होतं, म्हणून तिनं त्याच्यासाठी घंगाळात गोडं पाणी भरलं. चिखलातलं काहीबाही नको, म्हणून पांढऱ्याशुभ्र तांदळाची पेज दिली. जावईबापू डोकं उलटं करून चोचीनं पेज गाळून प्यायचे. ते पाहून लेकही वाटीत डोकं उलटं घालायची, आणि नाकात पेज गेली की आधी रडायची, मग खिदळायची. एका पायावर उभा राहून तो झोपला, की घरात दिवा न लावताही उजळल्यासारखं वाटायचं.

त्रासही काही कमी नव्हता. वळणीवरचं लुगडं चोचीनं ओढून तो खाली पाडायचा. सारवलेल्या जमिनीवर रोज नवी नक्षी काढून ठेवायचा. आणि सर्वांत वाईट म्हणजे पाणी.

"अहो, आज मी आणखी एक खेप करते," मीठवाली म्हणायची.

"कोणासाठी?" नवरा विचारायचा.

"घंगाळातलं पाणी बदलायचंय."

"मी चूळभर पाण्यात तोंड धुतो, आणि जावई अर्ध्या हंड्यात पाय बुडवतो! पुढच्या जन्मी मलाही पंख मोडूनच आण घरी."

पावसाळ्यात जुनी पिसं गळाली. नवी आली ती फिकी. पुढं आली ती त्याहून फिकी. दिवाळीपर्यंत जावईबापू पांढराफटक झाला. चोचसुद्धा विटक्या चिंधीसारखी दिसू लागली. पाणवठ्यावर बाया हसल्या, "काय गं, जावई बदललास की काय? हा तर बगळा दिसतोय!"

मीठवालीनं पेजेत गूळ घातला. दूध घातलं. एक खेप आणखी वाढवली. रंग परत येईना.

पंख मात्र सांधला होता. आता तो सकाळ-संध्याकाळ दारात उभा राहायचा, खाडीकडे तोंड करून, मान ताणून. त्या उभं राहण्याकडे मीठवालीला बघवत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तीही याच दारात अशीच उभी राहायची, डोंगराकडे तोंड करून.

थंडी आली आणि थवाही आला. त्याचा गलका ऐकताच जावईबापूनं असा काही हाकारा केला, की कडेवरची लेक दचकली. मीठवालीनं पटकन दार लावून घेतलं.

"कशाला लावलंस?" सासूनं विचारलं.

"पंख कच्चा आहे हो अजून. पडला बिडला तर?"

दुसऱ्या दिवशीही तिनं दार लावलं. तिसऱ्या दिवसापासून पक्ष्यानं पेजेला तोंड लावलं नाही. त्याचे पाय लटपटू लागले. आठवडाभरात तो कोपऱ्यात बसला, आणि झोपेतही उभा राहणारा रोहित पक्षी असा बसला म्हणजे त्याचा शेवट जवळ आला, हे कोणी सांगायला लागत नाही.

मीठवाली रडायला लागली. "आई, मी याला काय कमी केलं? स्वतः तहानलेली राहिले, पण याला गोडं पाणी दिलं!"

सासू तिच्याजवळ बसली. म्हणाली, "तू माहेरी गेलीस की झऱ्याला आधी तोंड लावतेस, मग आईला भेटतेस. मला ठाऊक आहे सगळं. पण बाई, ते तुझं माहेर. याचं माहेर कुठलं?"

मीठवालीनं डोळे पुसले आणि दार उघडलं. समोर मिठागर पसरलं होतं. अगदी टोकाच्या वाफ्यातलं पाणी आटून आटून लालसर झालं होतं. बारीक किडे त्यात वळवळत असत. त्या वाफ्याला गावात रागावलेलं पाणी म्हणत, आणि त्यात कोणी पाय घालत नसे. थवा नेमका तिथेच उतरला होता. शेकडो माना खाली, शेकडो चोची उलट्या, आणि पाण्यापेक्षाही लाल पंख.

ती बघतच राहिली. त्यांचं अन्न आणि रंग दोन्ही त्या खाऱ्या पाण्यातच होतं. मग तिला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. कारण तिथे नेला तर तो जगेल. आणि जगला तर जाईल.

तिनं लेकीला सासूजवळ दिलं. पक्ष्याला उचललं. इतके महिने पेज खाऊनही तो कापसाच्या गाठोड्याएवढाच हलका होता. बांधावरून चालत ती टोकाला गेली आणि रागावलेल्या पाण्यात उतरली. पायांची आग आग झाली. गुडघाभर पाण्यात तिनं त्याला सोडलं, पण हात काढून घेतले नाहीत. तो कलंडत होता. एकदा कलंडला, दोनदा कलंडला, मग पाय रोवून उभा राहिला, मान वाकवली, आणि डोकं उलटं करून त्यानं ते लाल पाणी पहिल्यांदा गाळलं.

मग थांबलाच नाही. मीठवालीचे हात कधी सुटले, ते दोघांनाही कळलं नाही.

तो पुन्हा घरी आला नाही. ती रोज बांधावर जाऊन बसायची. आधी त्याच्या पायांना रंग चढला, मग चोचीला. त्या उन्हाळ्याच्या शेवटी थवा गेला तेव्हा तो मागे राहिला. मीठवालीला उगाच आशा वाटली. घरी येऊन तिनं घंगाळ घासूनसुद्धा ठेवलं. पण पावसाळा त्यानं खाडीवरच काढला, आणि नवी पिसं आली ती गुलाबी.

एव्हाना लेक तीन वर्षांची झाली होती. "मला उतरव," ती बांधावर रोज म्हणायची. एके दिवशी मीठवालीनं खरंच उतरवलं. लेक तडक पाण्यात गेली, "चावतंय!" म्हणून किंचाळली, बाहेर पळाली आणि पुन्हा आत गेली. मीठवाली हात पुढे करून बसली होती. ते हात कोणाला लागले नाहीत.

थंडीत थवा पुन्हा आला, आणि उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी सगळा थवा एकदम उठला. आभाळ गुलाबी झालं. मीठवाली उभी राहिली, मान ताणून एकेक पक्षी निरखू लागली.

"आई, आपला कुठला?" लेकीनं विचारलं.

"ओळखू येत नाही गं. सगळे सारखेच दिसतायत."

असं म्हणून ती हसली, आणि मग रडली. थवा दिसेनासा झाल्यावरही ती तिथेच उभी होती.

तात्पर्य एवढंच: पाखरू असो की लेकरू, आपल्याला जे मिळालं नाही ते त्याच्या ओंजळीत ओतण्याआधी, त्याला काय हवंय ते विचारावं. उत्तर आपल्याला आवडेलच असं नाही. तरीही विचारावं.