हजारातला तांबू

फार मागे, घाटात गाडीवाट नव्हती तेव्हा, हजार बैलांचा एक तांडा कोकणातलं मीठ पाठीवरून देशावर नेत असे. कुंभाराचं घर सोडून तांबू बैल त्या तांड्यात सामील झाला. वैरण पोटभर मिळू लागली, वाघाची भीती गेली. पण ओढा दिसला म्हणून मनाजोगतं थांबता येईना. दिवसभर पुढच्याचं शेपूट पाहायचं नि धूळ खायची.

"इथं माझं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही," तो शेजारच्या म्हाताऱ्या पवळ्याला म्हणाला. "घाट चढला की मी परत जाणार, आजा."

अर्ध्या घाटातच तांबूचा पाय मुरगळला. आता आपल्याला इथंच टाकून जातील, अशी धास्ती त्याला वाटली. पण तांडा थांबला. त्याच्या पाठीवरचं मीठ वीस पाठींवर वाटलं गेलं. कुणाला ते जडही वाटलं नाही. तांबू मोकळ्या पाठीनं, लंगडत, सगळ्यांच्या मधून घाट चढला.

माथ्यावर तांड्याचा आठवडाभर मुक्काम पडला. निघायच्या दिवशी तांबूचा पाय बरा झाला होता आणि कुंभाराच्या गावाकडे परत जाणारी वाट समोरच होती. त्यानं तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग तो रांगेत येऊन उभा राहिला.

"आजा," तो पवळ्याला म्हणाला, "तुमचे गुडघे दुखतायत ना? थोडं मीठ इकडं येऊ द्या."