लाल शेपटीची साक्ष

सांगा पाहू, तळ्यात हातचा कोंडा खाऊन वाढलेला मासा नदीत निसटला, तर तिथे त्याची वीण होईल का? हे नदीवर राबणाऱ्यांना विचारायला हवे. एका राजाने ते तळ्याच्या मालकालाच विचारले.

पूर्वी शीलावती नदीकाठी अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्याय पाहणारा अमात्य होता. त्या नगरात मंगलक नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनाढ्य व्यापाऱ्याने, नदीला लागून दगडी तळे बांधले होते. त्यात त्याने दूरदेशाहून आणलेले लाल शेपटीचे मासे पाळले. नदीकडचा बांध मात्र त्याने नुसत्या मातीचा ठेवला. पुरात तो फुटला आणि शेकडो मासे नदीत गेले.

कोळी राजाकडे आले. "महाराज, हे मासे आमच्या खवल्या माशांची अंडी खातील. श्रेष्ठींना ते पकडायला लावा, बांधही पक्का करायला सांगा."

राजाने विचारताच मंगलक हसला. "अहो, हाताने भरवलेले मासे ते! अंडी कुठे घालावीत हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. शपथेवर सांगतो, नदीत त्यांची वीण होणार नाही."

"महाराज, एक पावसाळा पाहू आणि मग ठरवू," बोधिसत्त्व म्हणाला. पण राजाने शपथ मानली.

तीन पावसाळे गेले. विणीच्या दिवसांत खवल्याची अंडी तुडवली जाऊ नयेत म्हणून कोळी ज्या खडीच्या उथळ पाण्यात पाऊलही टाकत नसत, तिथे आता लाल शेपटीची पिल्ले वळवळू लागली. खवल्या मासा क्वचितच दिसे.

एके दिवशी सुलसा नावाच्या कोळणीची टोपली श्रेष्ठीच्या नोकरांनी हिसकावली. "लाल शेपटी म्हणजे श्रेष्ठींचा माल," असे म्हणून त्यांनी तिचे एकुलते एक जाळेही नेले. तिची चूल त्या जाळ्यावर पेटत होती.

सुलसेने राजाकडे दाद मागितली. त्याच दिवशीच्या सुनावणीच्या आधी मंगलकाने अमात्याच्या घरी आपल्या तळ्यातल्या ताज्या माशांची टोपली भेट पाठवली. बोधिसत्त्वाने ती तशीच सभेत आणली.

सुलसा गरजली, "आमचे मासे खाल्ले तेव्हा हे कुणाचेच नव्हते. टोपलीत आले की लगेच यांचे झाले! मग नदीही उचलून घरी न्या की!"

बोधिसत्त्वाने नोकरांकडून सुलसेची टोपलीही मागवली आणि दोन्हींतला एकेक मासा शेजारी ठेवला. भेटीतल्या माशाची शेपटी झिजलेली होती. सुलसेच्या माशाची उघडलेल्या पंख्यासारखी अखंड होती.

"श्रेष्ठी, तुमच्या माशाची शेपटी अशी का?"

"दगडाला घासून. तळ्यातल्या सगळ्यांचीच झिजते."

"मग हा दुसरा?"

सुलसा म्हणाली, "नदीत जन्मला म्हणून! त्याला घासायला भिंत कुठली?"

"पण पिल्ले माझ्याच माशांची ना!" मंगलक उसळून म्हणाला.

कधीही न चढणारा अमात्याचा आवाज त्या दिवशी चढला. "वीण होणार नाही, ही तुमची शपथ खरी असेल, तर हे मासे तुमचे नाहीत. खोटी असेल, तर नदीची ही दैनाही तुमचीच करणी आहे. नफा तेवढा तुमचा आणि नुकसान नदीचे, असा न्याय या सभेत होणार नाही!"

राजाने मान खाली घातली. "यात माझाही दोष आहे," तो म्हणाला. त्याने सुलसेचे जाळे परत देवविले आणि लाल शेपटीचे मासे धरण्याची सर्वांना मोकळीक दिली. दगडी बांध घालण्याचे आणि दर विणीला उथळ पाण्यातून ते मासे वेचून काढण्याचे काम मंगलकावर सोपवले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे स्वतः भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाची सुलसा ती आजची उपासिका सोमा. मंगलक तो तिच्या शेताचे पाणी अडवणारा रोहक. अरिंदम तो त्याच्या शब्दावर विसंबलेला गावप्रमुख. आणि अमात्य मी होतो." भेट घरात न ठेवता तिलाच साक्षीला उभे करणे, ही त्या जन्मातली प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता.

निवाड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुलसेने जाळे टाकले. त्यात लाल शेपटीचे अकरा मासे आले आणि एक खवल्या. खवल्या तिने परत पाण्यात सोडला.