मंजी साळुंकीचे निरोप

फार पूर्वी एका नदीच्या दोन्ही काठांवरच्या जनावरांचे निरोप मंजी साळुंकी पोहोचवायची. तिची आठवण पक्की, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर भरवसा. पण उन्हाळ्यात निरोप वाढले आणि मंजी अडखळू लागली. निघण्याआधी ती फांदीवर बसून कितीतरी वेळ पुटपुटत राही. “दमली बिचारी,” म्हणून सगळे तिला झोपायला लावत. उठल्यावर ती दोन दिवस सुसाट उडे, मग पुन्हा तेच.

शेवटी म्हातारी टिटवी दिवसभर तिच्याजवळ बसून कान देऊन ऐकत राहिली.

“मंजे, सशाचा निरोप तर महिन्यापूर्वीच पोहोचला. अजून का घोकतेस?”

“कुणी पुन्हा विचारलं तर, आजी? विसरले असं कसं सांगू?”

“पोहोचलेला निरोप तुझा नसतो गं. सोडून दे.”

मंजीला ते पटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी हरणी धापा टाकत आली. “पलीकडे माझ्या पाडसाला सांग, पाणवठ्यावर बिबट्या दबा धरून बसलाय. येऊ नकोस म्हणावं!”

मंजीने सवयीने आधीचे सगळे निरोप घोकले आणि मगच पंख उघडले. ती पलीकडे पोहोचली तेव्हा ओल्या मातीत पाणवठ्याकडे गेलेले इवल्या खुरांचे ठसे होते. पाडस नव्हतं.

त्या संध्याकाळी मंजीने एकेक जुना निरोप सोडून दिला. पुढे ती पूर्वीसारखी वेगाने उडू लागली, पोहोचवलेला निरोप तिथल्या तिथे विसरू लागली. हरणीचा निरोप मात्र तिला मरेपर्यंत पाठ होता. तो कुणाला पोहोचलाच नव्हता.